किनारा डाव्या हाताला

यंदाच्या अंकाचा विषय ‘फुरसत’ असा ठरला, तेव्हा संपादकांनी विचारलं, की पैसे मोजून फुरसत घ्यायला माणसं समुद्रावर जातात, ती तिथं दिवसभर करतात तरी काय, हे पाहून याल का? म्हणून मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या क्रूझचं तिकीट काढलं. वेळापत्रकातले कार्यक्रम बघण्यापेक्षा जहाज चालतं कसं आणि माणसं त्यावर रमतात कशी, हे बघायचं एवढंच मनाशी ठरवलं होतं.

धक्क्यावर

बॅलार्ड पियरला २०२५ साली सुरू झालेलं नवं क्रूझ टर्मिनल आहे. सुट्टी सुरू होते ती तिथल्या रांगेतच. बॅगेला केबिनच्या नंबरची चिठ्ठी लागते आणि बॅग आपल्या हातातून जाते. ती पुन्हा भेटते ती संध्याकाळी, केबिनच्या दाराशी. आपल्याकडच्या प्रवाशाला हे पचायला वेळ लागतो. माझ्या पुढच्या नाशिकच्या काकू तीनदा मागे वळून बॅग कुठं चालली ते बघून आल्या. तपासणीत इस्त्री, पाण्याची किटली, लायटर काढून घेतात. कारण सरळ आहे. समुद्रात अग्निशमन दलाची गाडी यायची सोय नसते, त्यामुळे जहाजाला सर्वांत मोठं भय पाण्याचं नसतं, आगीचं असतं.

रांगेतली माणसं बघण्यासारखी असतात. तीन पिढ्या एकत्र निघालेली घरं इथं फार. आजी व्हीलचेअरवर, नातू तिच्या मांडीवर, मुलगा आणि सून कागदपत्रांत गुंतलेले. बस-रेल्वेच्या सहलीत आजीला कुणी नेलं नसतं. इथं तिला पायऱ्या चढायच्या नाहीत, रोज हॉटेल बदलायचं नाही, पहाटे पाचला उठून पॉइंट बघायला पळायचं नाही. जहाजाच्या सुट्टीचा पहिला लाभ घरातल्या थकलेल्या माणसाला होतो, हे मला त्या रांगेतच पटलं.

काचेतून खाली धक्का दिसत होता. जहाजाच्या पोटात एक दार उघडलेलं आणि त्यातून फोर्कलिफ्ट कांद्याबटाट्यांच्या गोणी, दुधाचे क्रेट, धुतलेल्या चादरींचे गठ्ठे आत ढकलत होती. एकदा दोर सुटले की कोपऱ्यावरचा वाणी नाही. कोथिंबिरीच्या जुडीपासून सगळं याच दारातून आत जायला हवं.

एम्प्रेसची जन्मकथा

मी गेले ते जहाज ‘एम्प्रेस’. फ्रान्समधल्या सेंट नझेरच्या गोदीत ते बांधलं गेलं आणि १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावानं समुद्रात उतरलं. तीन-चार रात्रींच्या छोट्या सहलींसाठीच ते आखलेलं होतं. मायामीहून शुक्रवारी निघायचं, बहामा बेटांना जाऊन सोमवारी परत. पुढं मालक आणि नावं बदलत ते २०२१ मध्ये मुंबईला आलं आणि त्याच छोट्या सहली करू लागलं. दोनशे दहा मीटर लांब, अकरा मजली, आठशेच्या जवळपास केबिन. जगातली आजची अजस्र जहाजं याच्या कितीतरी पट मोठी आहेत. मला मात्र हा आकार आवडला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे जिने पाठ होतात आणि जेवणाच्या टेबलावर भेटलेली माणसं डेकवर पुन्हा भेटतात.

क्रूझ हा धंदाच मुळात रिकाम्या पडलेल्या जहाजांतून मोठा झाला. १९५८ साली जेट विमानांनी अटलांटिक ओलांडायला सुरुवात केली आणि युरोप-न्यूयॉर्क करणाऱ्या बोटींचे प्रवासी काही वर्षांत उडून गेले. कुठं जायचं या प्रश्नाला विमानानं उत्तर दिल्यावर बोटींनी दुसरीच गोष्ट विकायला घेतली, ती म्हणजे जाण्यात जाणारा वेळ. मुंबई ते मुरगाव हे अंतर समुद्रमार्गे सव्वादोनशे नॉटिकल मैलांच्या आसपास आहे. एम्प्रेससारख्या जहाजानं वेग धरला तर रात्रभरात तिथं पोचता येतं. एम्प्रेस तसं करत नाही. मुद्दाम सावकाश जाते, बाहेर खोल समुद्रात वळसा घेते. प्रवाशांनी त्यासाठीच पैसे दिलेले असतात.

आपल्या किनाऱ्यावर हा धंदा अनेकदा सुरू झाला आणि बंद पडला. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ आली. कान्होजी आंग्रे यांच्या आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला समुद्राखाली दडलेल्या प्रवाळपठाराच्या नावाची ती बोट थोड्याच काळात थांबली. २०१९ मध्ये आलेली ‘कर्णिका’ पुढच्याच वर्षी करोनाच्या लाटेत गेली. त्यामुळे आज इथं एक जहाज हंगामामागून हंगाम भरून निघतं, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

सात छोटे, एक लांब

निघण्याआधी सगळ्यांना डेकवर बोलावतात. भोंगा वाजतो, सात छोटे आणि एक लांब. हा आवाज ऐकला की कुठं जमायचं, लाइफजॅकेटचा पट्टा कसा आवळायचा, लिफ्ट का वापरायची नाही, हे सांगतात. बरेच जण या वेळात सेल्फी काढतात. त्यांनी तसं करू नये असं मला मनापासून वाटतं. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळली आणि बत्तीस माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायची होती. ती चोवीस तासांत घेतली तरी चालेल, असा तेव्हा नियम होता. त्या अपघातानंतर नियम बदलला आणि जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी कवायत सक्तीची झाली. आपल्याला डेकवर ताटकळत ठेवणाऱ्या त्या अर्ध्या तासामागे ही माणसं आहेत.

नंतरचा तास मात्र कुणीही चुकवू नये. दोर सुटतात, टग बोटी जहाजाला धक्क्यापासून हलकेच ओढतात आणि एवढं मोठं धूड आवाज न करता सरकू लागतं. बहुतेक प्रवासी या वेळी वर पोहण्याच्या तलावाजवळ गाण्यांच्या तालावर असतात. खालच्या मोकळ्या डेकवर जावं. तिथून मुंबई बंदराचा पायलट उतरताना दिसतो. बंदराच्या आतले खडक, गाळ, ओहोटीची ओढ त्याला पाठ असतात, म्हणून बाहेर पडेपर्यंत तो कॅप्टनच्या शेजारी उभा असतो. प्रॉन्ग्ज दीपगृह मागे पडलं, खांदेरी पुढं आली, की त्याचं काम संपतं. छोटी लाँच चालत्या जहाजाला येऊन चिकटते आणि हा माणूस दोराच्या शिडीवरून उतरून तिच्यात पाय टाकतो. लाँच वर येते त्या क्षणी पाय टाकायचा, खाली जाते तेव्हा नाही. हे काम तो पावसाळ्यातही करतो.

रेंज जाते तेव्हा

पहिल्या संध्याकाळी माणसं सुट्टीवर आलेली नसतात, फक्त जहाजावर आलेली असतात. जेवणाच्या पहिल्या फेरीला धावणं, खुर्चीवर टॉवेल टाकून जागा धरणं, आठचा शो, दहाचा गाण्यांचा कार्यक्रम, बाराचा बुफे. पैसे वसूल झाले पाहिजेत ही घाई चेहऱ्यावर दिसते. त्यात मोबाइल चालू असतो. किनारा पुरेसा मागे पडला की रेंज जाते. जहाजाच्या वायफायला वेगळे पैसे लागतात आणि ते द्यावेत की नाही यावर प्रत्येक कुटुंबात थोडी चर्चा होते.

फरक दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतो. पोहे, उपमा, इडली, जैन पदार्थांचा वेगळा काउंटर, सगळं तेच असतं. पण ताट घेऊन माणसं बाहेर रेलिंगपाशी येऊन बसलेली असतात. चारही बाजूंना पाणी. बघायला काही नाही आणि नजर हलत नाही. डोंबिवलीचे एक गृहस्थ, लोकलच्या आठ-सतराला बांधलेले, नाश्त्यानंतर अकरापर्यंत त्याच खुर्चीत होते. त्यांची मुलगी म्हणाली, “बाबा एवढा वेळ गप्प बसलेले मी पहिल्यांदा बघतेय.” थोड्या वेळानं ते दोघं पत्ते खेळू लागले आणि शेजारच्या अनोळखी जोडप्याला त्यांनी डावात घेतलं. जहाजावरची खरी करमणूक ही असते. निघून जायला दुसरी जागा नसली की माणसं एकमेकांकडे बघतात.

म्हणून कुणी विचारलं तर मी सांगेन, की रंगमंचावरचे सगळे कार्यक्रम बघायचा हट्ट धरू नये. एखादा बघावा. तलावाजवळचं संगीत फार मोठं असतं. त्यापासून दूर, जहाजाच्या मागच्या टोकाला डेकचा एक पट्टा शांत असतो. तिथं पंख्यांनी घुसळलेलं पाणी क्षितिजापर्यंत पांढरं दिसत राहतं. बोट लागण्याची भीती असेल त्यांनी मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन मागावी. जहाज सी-सॉसारखं टोकांना जास्त हलतं, मध्याशी कमी. बहुतेक क्रूझ जहाजांना पोटाशी दोन्ही बाजूंनी पंख असतात. लाट एका अंगाला कलवू लागली की ते उलटा जोर लावतात. त्यामुळे दिवाळीनंतरच्या निवलेल्या समुद्रात चहाचा कपसुद्धा हिंदकळत नाही.

पोटातलं गाव

परवानगी मिळाल्यावर गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात गेले. तिथं ज्योत नाही. सगळं विजेच्या तव्यांवर, कारण पुन्हा तेच, आगीचं भय. टेबलांना कडा आहेत, कपाटांना खिट्ट्या आहेत, म्हणजे जहाज कललं तरी भांडं घसरणार नाही. फुलके भाजणारा तरुण उत्तराखंडचा होता, शेजारी भाज्या चिरणारे फिलिपिनो आणि मिठाईच्या कोपऱ्यात वसईचा एक जण. वरच्या बुफेत गर्दी कधी होणार, हे त्यांना घड्याळापेक्षा सूर्यावरून जास्त कळतं. सूर्य बुडाला की डेकवरचा सगळा लोंढा एकदम जेवायला येतो.

पिण्याचं-आंघोळीचं पाणी जहाज स्वतः बनवतं. इंजिनांची उष्णता वापरून समुद्राचं पाणी कमी दाबाखाली उकळायचं आणि वाफ गोळा करायची, किंवा मोठ्या दाबानं ते सूक्ष्म पडद्यातून गाळायचं, अशा दोन पद्धती. संडासातला मोठा ‘सूं’ आवाज ऐकून मुलं दचकतात. तिथं पाण्याऐवजी हवा ओढून घेते, त्यामुळे पाणी अगदी थोडं लागतं. कचऱ्याची खोली मला सर्वांत जास्त शिकवून गेली. हातमोजे घातलेली माणसं प्रत्येक पिशवी उघडून काच, धातू, प्लास्टिक, अन्न वेगळं करतात. प्लास्टिकचा तुकडाही समुद्रात टाकायला आंतरराष्ट्रीय नियमानं पूर्ण बंदी आहे. उरलेलं अन्न बारीक दळून किनाऱ्यापासून ठरावीक अंतरावरच सोडता येतं. इंधनाचा धूर मात्र उरतोच. २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकावर कडक मर्यादा आली, तरी एवढं मोठं जहाज सुट्टीसाठी फिरवायची किंमत हवा देते, हे समुद्रावर प्रेम करणाऱ्यानं लक्षात ठेवायला हवं.

साइन ऑन, साइन ऑफ

आमच्या केबिनचं बघणारा मुलगा मालवणजवळच्या गावचा निघाला. माझं मराठी ऐकून पहिल्यांदा त्याचा चेहरा खुलला, मग तो मालवणीत बोलू लागला. हॉटेल मॅनेजमेंट केलं, सुरक्षेचे कोर्स केले, सीडीसी काढली, म्हणजे खलाशाचं नोंदणीपुस्तक, आणि जहाजावर आला. कराराच्या महिन्यांत आठवड्याची सुट्टी नसते. साइन ऑन झाला की साइन ऑफ होईपर्यंत रोज काम. खलाशांच्या हक्कांचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार सांगतो, की चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळालीच पाहिजे. बाकीचा दिवस उभ्यानं जातो. रात्री चादरीवर टॉवेलचा हत्ती करून ठेवलेला पाहून मुलं टाळ्या वाजवतात. तो हत्ती दिवसभर वाकलेल्या पाठीनं केलेला असतो.

“आवडतं का?” मी विचारलं.

“आवडता ना. पण गावच्या समोरसून जातंव आणि उतराक मिळणा नाय.”

गोव्याच्या घरांना हे जुनं आहे. तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, तिथं गावोगाव सापडतो. मुंबईत धोबीतलाव भागात गोव्यातल्या गावांचे ‘कूड’ आजही आहेत. जहाज मिळेपर्यंत गावच्या माणसानं तिथं स्वस्तात राहायचं, संध्याकाळी एकत्र प्रार्थना करायची, बोलावणं आलं की पेटी उचलून बंदराकडे निघायचं. जगभरच्या जहाजांतल्या कितीतरी स्वयंपाकघरांची आणि वाद्यवृंदांची मुळं त्या खोल्यांत सापडतील.

या माणसांशी बोलावं. नाव विचारावं, निघताना आभार मानावेत, चुरगळलेला टॉवेल जमिनीवर फेकू नये. आपली फुरसत त्यांच्या श्रमांवर उभी आहे हे कळलं म्हणून ती कमी गोड होत नाही. मला तरी ती जास्त मोलाची वाटली.

दिव्यांची भाषा

दक्षिणेकडे जाताना कोकण डाव्या हाताला असतो. तिकीट काढताना हे लक्षात ठेवावं: सूर्यास्त हवा असेल तर उजवीकडची केबिन, किनाऱ्याचे दिवे हवे असतील तर डावीकडची. येताना उलट.

रात्री अकरानंतर डाव्या डेकवर फार कुणी नसतं. मला तिथं एक निवृत्त शिक्षक भेटले, मूळचे वेंगुर्ल्याचे. लहानपणी ते मुंबईहून गावी बोटीनंच जायचे. भाऊच्या धक्क्यावर सकाळी रांग, वरचा डेक आणि खालचा डेक असे तिकिटाचे दोन दर, खालच्या डेकवर अंथरलेल्या चटया, इंजिनाचा वास, ओकाऱ्या आणि भजनं. ‘रोहिणी’, ‘कोकणसेवक’, ‘कोकणशक्ती’ ही नावं ते घरच्या माणसांची घ्यावीत तशी घेत होते. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. बऱ्याच बंदरांत बोट बाहेर उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे होड्या, यायचे. पोरं, पेट्या, कोंबड्या हातोहात खाली द्यायच्या. पावसाळ्यात सेवा बंद. समुद्र किती निष्ठुर असू शकतो हे ठाऊक होतं. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली ‘रामदास’ वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, त्याच्या आठवणी घराघरांत होत्या. तरी बोट हीच वाट होती. कोकण रेल्वे धावू लागण्याआधीच त्या बोटी थांबल्या.

गुरुजींनी मला दिवे ओळखायला शिकवलं. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी ठरलेली असते. किती सेकंदांनी किती वेळा चमकतं, ते मोजलं की कुठलं दीपगृह ते नकाशाशी ताडता येतं. आम्ही दोघं मनात आकडे मोजत उभे राहिलो. अधूनमधून खालच्या बाजूला मासेमारी करणाऱ्या ट्रॉलर्सचे दिव्यांचे पुंजके यायचे आणि जहाज त्यांना टाळत किंचित वळायचं. वर ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथं, पहारा अखंड चालू असतो, चार-चार तासांच्या पाळ्यांत. रडार आहे, जवळच्या जहाजाचं नाव दाखवणारी यंत्रणा आहे, तरी खिडकीपाशी एक माणूस डोळ्यांनी बघत उभा असतोच, कारण जाळ्याचा तरंगता बोया किंवा बिनदिव्याची होडी यंत्राला नेहमी दिसत नाही.

या सगळ्या सुट्टीत मला सर्वांत जास्त आनंद मिळाला तो इथं. त्याला तिकिटाखेरीज एक पैसा लागला नाही आणि तो कुठल्याही कार्यक्रमपत्रिकेत छापलेला नव्हता.

मुरगावला उतरायचं की नाही

सकाळी जहाज मुरगावला लागतं. प्रवासी टॅक्सीनं झुआरीवरच्या नव्या पुलावरून पणजीकडे धावतात. चर्च, बाजार, जेवण, आणि ठरलेल्या वेळेआधी परत. एका दिवसात गोवा बघणं हे गोव्यावर आणि आपल्यावरही अन्याय करणारं आहे. ज्यांनी गोवा आधी पाहिलाय त्यांनी त्या दिवशी जहाजावरच राहावं. तलाव मोकळा, वाचनाच्या खुर्च्या मोकळ्या, आणि कर्मचाऱ्यांना दोन शब्द बोलायला उसंत. धक्क्याशी बांधलेल्या जहाजाची देखभालही याच वेळी दिसते. खलाशी दोराला लोंबकळत गंज खरवडतात, लगेच रंगाचा हात देतात. खारं पाणी लोखंडाला एक दिवसही सोडत नाही.

मला खटकलं ते वेगळंच. मुंबई सोडल्यापासून गोवा येईपर्यंत शिवरायांनी आणि आंग्र्यांनी बांधलेल्या, लढवलेल्या जलदुर्गांची अख्खी रांग आपण अंधारात ओलांडतो. जहाजावर शेकडो मराठी माणसं असतात आणि त्यांना ना विजयदुर्ग दिसतो, ना सिंधुदुर्ग. उथळ पाणी हे कारण खरं आहे. एवढ्या जहाजाला सात-आठ मीटरपेक्षा जास्त खोल पाणी हवं आणि आपल्या जुन्या बंदरांच्या खाड्या गाळानं भरल्या आहेत. पण लक्षद्वीपला जाणारी जहाजं काय करतात? प्रवाळाच्या कड्याबाहेर थांबतात आणि स्थानिक बोटी प्रवाशांना बेटावर नेतात-आणतात. तेच पडावांचं तंत्र, आता लाइफजॅकेट आणि परवान्यांसह. ऑक्टोबर ते मार्च समुद्र शांत असतो. मालवणच्या बाहेर जहाज नांगरून सकाळ सिंधुदुर्गावर घालवता येईल. दुपारी गावातल्या खानावळीत जेवण, संध्याकाळी परत डेकवर. धक्का बांधावा लागेल, सुरक्षेची तपासणी किनाऱ्यावर आणावी लागेल, आणि एका सकाळी दीड हजार माणसं उतरली तर पाणी, कचरा, रस्ते कसे सांभाळायचे हे गावाला आधी विचारावं लागेल. यातलं काहीच अशक्य नाही. ज्या किनाऱ्यानं या जहाजांना माणसं पुरवली, त्याच्या वाट्याला जहाजाचा थोडा पैसा आणि थोडा मान यायला हवा.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. मुंबईत जुने प्रवासी उतरल्यावर काही तासांत सगळ्या केबिन धुऊन, चादरी बदलून नव्या प्रवाशांसाठी तयार होतात. त्या गडबडीतही आमच्या केबिनचा तो मालवणचा मुलगा दोन मिनिटं थांबला. मालवणला जहाज थांबवायची कल्पना मी त्याला सांगितली, तेव्हा त्यानं तिच्यात काहीच अवघड पाहिलं नाही. “माझे काका होडयेन पर्यटकांका किल्ल्यार नेतत,” तो म्हणाला. “खंयच्या दिवशी, किती वाजता, एवढाच सांगा. बाकीचा ते बघतीत.”